चौतीस धावांची नोकरी

मेहुण्याची नोकरी आज जाणार, हे हिशेबनिसांना दाढी करतानाच कळलं. सांगणारी बायको होती, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. मेहुणा त्यांच्याच कारखान्याच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक, आणि दहा सामन्यांत विजय दोन.

"तो इथंच राहायला येईल. हॉलमध्ये, बॅटा घेऊन," बायको म्हणाली. "माझा सख्खा भाऊ आहे, मी काही नाही म्हणणार नाही. तुम्ही काय ते बघा."

हिशेबनिसांनी जन्मात एक सामना पाहिला नव्हता. पण आकड्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तडक मालकांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी फळ्यावर गणितच मांडलं.

"साहेब, जिंकलो किती ते सोडा, धावा बघा. केल्या साठ, दिल्या पंचेचाळीस. दोन्हींचे वर्ग करायचे आणि आपल्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेनं भागायचं. चौसष्ट टक्के. म्हणजे दहापैकी सहा सामने तरी आपलेच होते. संघ चांगलाय, नशीब फुटकं."

मालक पुढे सरकले. "पण साठ धावा आल्या कुठून? हे लोक तर दोन-तीन धावांत मान टाकतात."

"एकाच सामन्यात चौतीस झाल्यात ना. समोरचा पिचर अगदीच रडका असणार. चेंडू टाकत होता की दानधर्म करत होता, कोण जाणे."

कोपऱ्यात टाइप करत बसलेल्या सेक्रेटरीबाईंना एकाएकी खोकला आला. "तो सामना आपल्याच अधिकाऱ्यांच्या संघाशी होता," त्या हळूच म्हणाल्या. "पिचिंग साहेबांनी केलं होतं."

हिशेबनिसांच्या हातातला खडू गळून पडला. हॉलमध्ये रचलेल्या बॅटा त्यांना लख्ख दिसू लागल्या.

मालकांनी फळ्यावरच्या साठावर बोट ठेवलं. "तो सामना वगळला तर?"

"पंचवीस टक्के," हिशेबनीस पुटपुटले. जीव गेला तरी खोटा आकडा त्यांच्या तोंडून निघत नसे.

"पण वगळायचा कशाला?" मालकांचा आवाज चढला. "त्या दिवशी मी फार झकास टाकत होतो. माझ्या पिचिंगवर चौतीस धावा काढणारे लेचेपेचे असतील का?"

संघ टाकाऊ म्हणावं, तर मालक त्याहून टाकाऊ ठरत होते. "छे छे, साहेब," हिशेबनीस म्हणाले.

"मग झालं तर. पोरगा राहील. पगारही वाढवा त्याचा."

हिशेबनीस दारापर्यंत पोचले, तोच मागून हाक आली. "त्या संघात एकच उणीव आहे बघा. चांगला पिचर नाही. रविवारपासून मी उतरतो."

घरी मेहुणा बॅटांची मोळी बांधून उंबऱ्यातच बसला होता. "दाजी, राहिली का हो नोकरी?"

"राहिली. पगारही वाढला."

मेहुण्याला भरून आलं. त्यानं उठून मोळीची दोरी सोडायला घेतली, तेव्हा हिशेबनिसांनी रविवारचं सांगितलं. ऐकून तो धप्पकन खालीच बसला. मग त्यानं सोडलेली दोरी पुन्हा आवळली.

"ताई," तो म्हणाला, "हॉलमधला पंखा चालतो ना गं?"