दोन धारा पाहून घेतलेलं इंटरनेट

काष्टीच्या बाजारात काकासाहेबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द काकासाहेबच सांगत! गायींच्या व्यापारात त्यांची तीस वर्षं गेली होती. गायीच्या चालीवरून ते तिचं दूध सांगत आणि मालकाच्या बोलण्यावरून तिची खोड. त्यामुळे सून ज्ञानेश्वरी जेव्हा म्हणाली, "मामा, धंद्यासाठी मोठ्या वेगाचं इंटरनेट घ्यायचंय, जरा चौकशी करू," तेव्हा ते मिशीतल्या मिशीत हसले.

"चौकशी कसली? गाय काय न् इंटरनेट काय, पारख एकच!"

बेत ज्ञानेश्वरीचा होता. गिऱ्हाइकाने घरबसल्या मोबाईलवर गाय पाहायची, धार काढताना पाहायची आणि सौदा करायचा. सांगलीकडचे डेअरीवाले आप्पासाहेब दहा गायी घ्यायला तयार होते. अट एकच. पहिल्या धारेपासून शेवटच्या थेंबापर्यंत चित्र थांबता कामा नये. थांबलं की बादलीत पाणी पडलं, असंच ते धरणार! दहा गायी आणि तीस वर्षांची अब्रू, दोन्ही आता त्या वायरीच्या हवाली होणार होत्या.

नगरहून कंपनीचा अवधूत आला. शेणातून बूट वाचवत त्याने जोडणी केली आणि लॅपटॉपवर वेगाचा काटा दाखवला. काटा सर्रकन टोकाला!

"बघा काका, दोनशेचा स्पीड!"

"हा यायचा झाला. आमचं चित्र तर इथून बाहेर जाणार. जायचा किती?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"तोही दोनशे, ताई. धंद्याचा प्लॅन आहे, दोन्हीकडून सारखा."

सुनेचं समाधान झालं, सासऱ्यांचं होईना.

"अवधूतराव, आमच्यात लबाड मालक आदल्या दिशी धारच काढत न्हाई. कास टम्म फुगवून गाय बाजारात आनतो. तुमचा काटा तसाच न्हाई कशावरनं? आदी पार पिळून काढायची, मंग सांज-सकाळच्या दोन धारा बघायच्या. मंगच सौदा!"

"इंटरनेट पिळून कसं काढणार?" अवधूत चाचरत म्हणाला.

"ते आमच्यावर सोडा!"

काकासाहेबांनी गोठ्याच्या दारावर खडूने पासवर्ड लिहिला आणि आळीत निरोप धाडला. संध्याकाळी चाळीस मोबाईल कुंपणाच्या भिंतीला टेकले. शेजारच्या श्रीमंतने क्रिकेट लावलं. लंकाबाईंनी मालिका पहिल्या भागापासून धरली. सकाळी पुन्हा तेच. काटा दमला, पण चित्र काही थांबलं नाही.

"लई जातिवंत हाय!" काकासाहेबांनी राउटरच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या बायकोने, छबूबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं. या आनंदात दारावरचा खडू पुसायचा मात्र राहून गेला.

शनिवार उजाडला. आप्पासाहेबांना धार दाखवायचा दिवस, आणि नेमका बाजाराचाही! ज्ञानेश्वरीने मोबाईल रोखला, काकासाहेब बादली घेऊन गायीखाली बसले. बघणाऱ्यांचा आकडा वाढू लागला. पन्नास, दीडशे, तीनशे!

"सगळा महाराष्ट्र बघतोय म्हन की!" काकासाहेबांना स्फुरण चढलं आणि धारा आणखी जोरात वाजू लागल्या.

तेवढ्यात आप्पासाहेबांकडे चित्र थांबलं. थांबलं तेव्हा दूध बादलीच्या तळाला होतं. चित्र परत हललं, तेव्हा ती काठोकाठ भरली होती! लगेच छबूबाईंच्या फोनवर आप्पासाहेबांचा आवाज कडाडला. "काकासाहेब, मधी काय वतलं?"

काकासाहेबांनी बादली मोबाईलपुढे धरली. "देवाशप्पथ, पान्याचा थेंब न्हाई!"

"न्हाई वतलं! आमी बघतोय की!" भिंतीपलीकडून श्रीमंत ओरडला.

काकासाहेबांनी वाकून पाहिलं. भिंतीलगत, रस्त्यावर, टेम्पोच्या टपावर माणसंच माणसं! आळीने बाजाराला आलेल्या पाहुण्यांनाही दारावरचा पासवर्ड दाखवला होता. सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर, याच इंटरनेटवरून, काकासाहेबांचीच गाय!

"आरं, गाय हितं धा पावलांवर उभी हाय! मोबाईलात काय बघताय?"

"मोबाईलात जवळनं दिसती!" लंकाबाई म्हणाल्या.

फोनवर आप्पासाहेबांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. "ऱ्हाऊ द्या, काकासाहेब. एवढी मानसं साक्षीला हायेत म्हनल्यावर मी सोताच येतो."

पुढच्या शुक्रवारी ते खरंच आले. स्वतः सांज-सकाळच्या धारा काढून पाहिल्या आणि दहाच्या दहा गायी घेतल्या. काकासाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तोवर खडू पुसून पासवर्डही बदलून घेतला होता. नवा पासवर्ड घराबाहेर जाणार नाही, अशी सगळ्यांना तंबी होती.

चहा झाला. गायी टेम्पोत चढू लागल्या. आप्पासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. "घरच्यांना गायी दाखवाव्यात म्हनतो. तेवढा पासवर्ड सांगता का?"

काकासाहेबांनी डोकं खाजवलं. नवा पासवर्ड काही केल्या आठवेना. "ज्ञानेश्वरी, जरा भाईर ये गं!"

ती उंबऱ्यापर्यंत येण्याआधीच भिंतीपलीकडून सात-आठ जणांनी एका सुरात पासवर्ड सांगून टाकला.

"पयलं अक्षर मोठं हाय बरं का!" लंकाबाईंनी वरून बजावलं.

काकासाहेबांनी वळून बायकोकडे पाहिलं. छबूबाई रिकाम्या कपात फुंकर मारत बसल्या होत्या.