पाच भाकरींचा पिक्चर

आमचे भास्करराव पिक्चरला चांगला-वाईट म्हणत नाहीत, भाकरीत मोजतात. "कसा होता?" विचारलं की डब्याचं झाकण काढता काढता सांगणार, "दोन भाकरीचा. मारामारी बराबर हाय, पण गोष्ट न्हाई." एखाद्या गाजलेल्या पिक्चरला अर्धी भाकर मिळते, आणि टीव्हीवर फुकट लागला तरी कुणी बघणार नाही अशाला साडेतीन.

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत. ते डिस्पॅच बघतात, मी हिशेब. त्यांची सुटलेली ढेरी बघून मला कायम वाटायचं, या माणसाला पडद्यावरसुद्धा जेवणच दिसतं.

अवॉर्डांचा मोसम आला की त्यांना ऊत येतो. "परदेशात दिलं, मुंबईत दिलं, जालन्याला कुणी विचारलं का?" असं म्हणून ते स्वतःचं अवॉर्ड देतात. एक नारळ. हिरो काही येत नाही, म्हणून त्याच्या वतीने ऑफिसातलंच कुणीतरी टॉवेल-टोपी घेऊन नारळ स्वीकारतं. मागच्या साली नायिकेच्या वतीने आमच्या मिशीवाल्या वॉचमनने स्वीकारला आणि वर दोन शब्दही बोलला. निकाल मात्र नेहमी सोमवारी. रविवारी ते घनसावंगीला बहिणीकडे जाऊन येतात, त्याच्या आधी काही केल्या सांगत नाहीत.

यंदा आमची जुंपली ती माझ्या लाडक्या पिक्चरवरून. डोंगरातल्या गावात राहणारी म्हातारी बहीण, शहरात गेलेला भाऊ. तो भेटायला निघतो आणि पोचेपर्यंत ती गेलेली असते. मी घरी बघून ढसाढसा रडले होते. जगभरची अवॉर्डं त्याला मिळालेली. मी हट्टाने भास्कररावांना बघायला लावला.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच म्हणाले, "अर्धी भाकर. तीबी करपलेली."

"अहो, केवढा सुंदर शेवट आहे तो."

"बिलकुल बेकार शेवट. त्या येड्याला जल्दी निघायला काय झाल्तं?"

मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ज्याला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही त्याने नारळ वाटत फिरू नये, हे बाकी सगळ्यांना मात्र ऐकवलं.

त्या रविवारी मला घनसावंगीला लग्नाला जायचं होतं. "मॅडम, तुमच्या गाडीत येऊ का? आक्काकडं उतरतो," ते म्हणाले. राग धरून बसणार तरी किती. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रखडली तेव्हा त्यांनीच विषय काढला. आक्काला हृदयाचं दुखणं लागलंय. "बायको गेली, लेकरू न्हाई. आता आक्का अन् मी, एवढंच राह्यलंय," ते म्हणाले.

लग्नाला वेळ होता, म्हणून मीही आत डोकावले. आक्का चुलीपुढे बसलेल्या होत्या. भास्करराव उंबऱ्यावर टेकले. "आक्का, पिक्चर सांगू?"

"थांब, पीठ घिऊ दे."

माझा चेहरा बघून आक्कांनीच उलगडा केला. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. वडील पोरींना जाऊ द्यायचे नाहीत. भाऊ बघून यायचा आणि ही भाकरी थापत असताना सगळा सांगायचा. गोष्ट रंगली की ही मुद्दाम आणखी पीठ घ्यायची आणि भाकरी उरल्या म्हणून आईच्या शिव्या खायची. हे ऐकून मला माझीच लाज वाटली.

आणि भास्कररावांनी माझाच पिक्चर सुरू केला. डोंगर, बकऱ्या, दारात बसलेली बहीण. मी आ वासून ऐकत होते. शेवट जवळ आला. समोर हृदयाची पेशंट, आणि हा माणूस थांबायला तयार नाही.

"अन् भाऊ बसमधून उतरून पळू लागला, आक्का. पळतच राह्यला. दारात पोचला तं बहीण भाकरी करून राह्यल्ती. म्हणली, आलास? हात धू."

आक्कांनी पाचवी भाकर तव्यावर टाकली. भास्करराव खुशीत हात धुवायला अंगणात गेले.

"बाई, ती मरती ना शेवटी?" आक्कांनी हळूच विचारलं. "शेजारच्या पोरीनं मोबाईलवर दावला परवा."

मी अंगणाकडे बघून आवाज खाली केला. "मग त्यांना सांगत का नाही?"

"पाह्यला म्हणलं तं तो काय सांगल? घरी त्येचं ऐकायला कोण हाय? दर खेपंला मेलेली माणसं जित्ती करून आणतो बिचारा." त्यांनी भाकर उलटली. "अन् मलाबी त्येचाच आवडतो."

सोमवारी ऑफिसात निकाल लागला. माझ्या पिक्चरला पूर्ण पाच भाकरी, आणि दिग्दर्शकाच्या वतीने टॉवेल-टोपी आणि नारळ मला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन आलेल्या साहेबांनी विचारलं, "मी बघितला नाही. शेवटी काय होतं हो?"

भास्करराव माझ्याकडे बघायला लागले.

"काही नाही, साहेब," मी टोपी सावरत म्हणाले. "भाऊ वेळेवर पोचतो."

ज्यांनी पिक्चर पाहिला होता ते माझ्याकडे बघतच राहिले. भास्कररावांनी डबा उघडला आणि त्यातली अर्धी भाकर माझ्या ताटलीत ठेवली.