अभावग्रस्त हिरडी

पोळ्यापासून भागिरथाबाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि वरचा पुढचा एक दात हलत होता. ही गोष्ट घरातच होती तोवर तिच्यात फारसं काही बिघडलं नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडला की त्याला लाल टिकली लागे. बाई ती पदरानं पुसून घास गिळी. नवरा देवमन म्हणे, "एका दातापायी कायले रडतं? एकतीस हायेत ना तोंडात!"

पण बाईला तो दात हवा होता. वय बत्तीस. पुढचा दात गेला की बाईमाणूस एका दिवसात म्हातारं होतं, हे तिनं गावात पाहिलं होतं.

चौऱ्याहत्तर साली सरकारच्या ध्यानात आलं की ग्रामीण जनतेलाही हिरड्या असतात. लगेच आरोग्य सेवक इंद्रभान सायकलला तक्ता बांधून जऊळक्याहून दोन कोस आला. शाळेच्या भिंतीला तक्ता टांगून त्यानं सांगितलं की 'क' जीवनसत्त्व हिरडी बळकट ठेवतं, कॅल्शियम नि फॉस्फरस ही खनिजं दात बांधतात, आणि 'ड' जीवनसत्त्व नसलं तर कॅल्शियम पोटात जाऊनही अंगी लागत नाही.

"कॅल्शियम म्हनजे चुनाच ना?" देवमन तंबाखू मळत म्हणाला. "थो तं मी रोजच खाऊन राह्यलो."

"थो नाई, देवमनभाऊ. त्यानं तोंड सडते."

भागिरथाबाई पुढं झाली. ओठ वर करून तिनं हिरडी दाखवली. "मंग मले द्या ना गोळी, डाक्तर."

इंद्रभाननं हिरडी पाहिली, मग परिपत्रक पाहिलं. "गोळ्या फक्त अभावग्रस्त गावाले भेटते, बाई. तुमच्या गावात अंबाडी हाय, तरोट्याची भाजी हाय, आवळा हाय. तुमच्या तं परसातच लिंबुनी हाय. नियमापरमानं तुमच्या हिरडीतून रक्त येऊ शकत नाई."

"येऊन राह्यलं ना पन!"

"येते. पन त्याले मंजुरी नाई."

परसात लिंबुणी असून बाई लिंबू का खात नव्हती, हा प्रश्न तक्त्यावर नव्हता. लिंबं जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीतल्या लोकांना विकायची असत. उरलं एखादं तर पाहुण्याच्या सरबताला, त्यातून उरलं तर देवमनच्या वरणात. अंबाडीची भाजी आधी पुरुष खात, मग पोरं, मग सासू. बाईच्या वाट्याला कढईची खरवड येई. गावातल्या साऱ्याच बाया अशा जेवत, म्हणून त्याला कोणी अभाव म्हणत नसे. वळण म्हणत.

सरपंच पंजाबरावांना वेगळंच दुःख होतं. नदीपलीकडच्या गावाला गोळ्या मिळाल्या होत्या. "आपन का त्याहीच्याहून कमी अभावग्रस्त हाओ?" त्यांनी ग्रामपंचायतीत सवाल केला आणि ठराव एकमतानं पास झाला: अभावाच्या सरकारी तपासणीपूर्वी गाव जीवनसत्त्वमुक्त करण्यात यावे.

अंबाडी उपटून ढोरांना घातली. तरोट्यावर वखर फिरवला. चार गडी लावून आवळा पाडला. मग ढोरं दुभती असल्याचं लक्षात आलं, तेव्हा गाई-म्हशी तीन दिवस सोयऱ्यांकडे पाहुण्या धाडल्या. 'ड' जीवनसत्त्व उन्हातूनही मिळतं, असं इंद्रभान बोलून गेला, तर पंजाबरावांनी तपासणीच्या दिवशी समस्त गावानं सावलीत बसण्याचा पोटठराव मांडला.

उरली लिंबुणी.

"भागिरथे, तुह्या एका झाडापायी साऱ्या गावाचा अभाव अडून राह्यला," पंजाबराव परसात येऊन म्हणाले.

"पाटील, त्या झाडावर माह्या घरचं मीठमिरची चालते."

"तुले दात पाहिजे का लिंबू?"

बाईनं जिभेनं दात चाचपला. तो हलला. "गोळी पक्की भेटन ना?"

"सरकारी हाय थे! झाडाले लागते का, का कोनीबी आलं अन् तोडलं?"

हे बाईला पटलं. जी वस्तू झाडाला लागते तिच्यात औषध असेल, हे तिला कधी खरंच वाटलं नव्हतं. कुऱ्हाड तिनंच आणून दिली.

तपासणीचे साहेब आले, गावभर हिंडले. हिरवं पान दिसेना. "इतका निर्भेळ अभाव मी नोकरीत पाहिला नाही," ते गहिवरून म्हणाले आणि शिक्का मारला. भागिरथाबाईनं हलत्या दाताच्या अर्जावर तिथंच अंगठा लावला. गावानं फटाके उडवले.

गोळ्या मंजूर होऊन यायला चार महिने लागले. तेवढ्यात साऱ्या गावाच्या हिरड्या सुजल्या. पंजाबराव लाल थुंकत. लोकांना वाटे, सरपंच पान खाऊन राह्यले. शेवटी जऊळक्याच्या स्टेशनावर खोकं उतरलं आणि वाटपाचा अग्रक्रम ठरला: ज्यांना सभेत बोलावं लागतं त्यांचे दात आधी. सरपंच, सदस्य, सोसायटीचे चेअरमन, त्यांचे साडू.

तिसऱ्या दिवशी भागिरथाबाईचा नंबर लागला. दात त्याआधी आठ दिवस भाकरीत निघून आला होता. तिनं पदराची गाठ सोडून तो इंद्रभानपुढं ठेवला.

"तुमचा अर्ज याच दाताचा होता?"

"याच."

"हा तं बाहेर हाय, बाई. गोळी तोंडातल्या दातासाठी असते."

"आंदर बाकीचे हायेत ना! त्यातले दोन हलून राह्यले!"

"त्याहीचा अर्ज नाई."

"मंग द्या अर्ज. आंगठा लावतो."

"अर्ज अभावग्रस्त गावालेच भेटते." इंद्रभाननं खोक्याकडं बोट दाखवलं. "तुमच्या गावात तं आता गोळ्या हायेत."

"तुह्या तोंडात दात हायेत ना रे बापा, म्हनून बोलून राह्यला," एवढंच ती म्हणाली आणि दात उचलून पुन्हा गाठीला बांधला.

तेवढ्यात जिल्ह्याहून पुस्तिकेसाठी फोटो काढणारा आला. पंजाबराव कधीचे तयार होते, पण त्यांचा जबडा सुजून एका बाजूला गेला होता. म्हणून बाई उभी केली, तळहातावर एक गोळी ठेवली. "हसा," फोटोवाला म्हणाला. बाई हसली. त्यानं कॅमेरा खाली घेतला. "तोंड मिटून हसा."

"मिटल्या तोंडानं कोनी हासते का रे?"

"भागिरथे!" पंजाबराव सुजल्या तोंडानं गरजले. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!"

बाईनं ओठ मिटले. फोटो निघाला. हातावरची गोळी इंद्रभाननं मोजून परत बाटलीत टाकली.

फोटो छान आला. 'निरोगी हिरड्या, सुखी गृहिणी' असं खाली छापून पुस्तिका शहरोशहरी वाटली. तुमच्याही हाती आलीच असेल. त्या बाईनं ओठ एवढे घट्ट का मिटलेत, असं तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. "खेड्यातल्या बायका किती शालीन हसतात," असं म्हणालात आणि पान उलटलंत.