आज मी पब्लिक आहे

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या खिडकीवर आलेला एक अर्ज मी हसत हसत खालच्या खणात टाकला. त्यापायी सारसोळ्याच्या एका बाईचं अंगण गेलं आणि दोष घेतला वाघचौरे भाऊसाहेबांनी. ते आमचे हेडक्लार्क. मी त्यांच्या हाताखाली, खिडकीवर. पण भाऊसाहेब काय चीज होती हे कळल्याशिवाय माझा गुन्हा नीट कळायचा नाही, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

हा माणूस महिन्यातून एक किरकोळ रजा काढायचा आणि त्या दिवशी आमच्याच कचेरीच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवं शहर वसवायचं म्हणून गावोगावच्या जमिनी घेतल्या जात होत्या. बेलापूरला पत्र्याच्या शेडमध्ये आमची कचेरी होती आणि पहाटेपासून खिडकीसमोर माणसं. एरवी इस्त्रीचा बुशशर्ट घालणारे भाऊसाहेब एका सकाळी लेंगा, टोपी, काखेत छत्री अशा अवतारात त्या रांगेत दिसले. मी ताडकन उभा राहिलो.

"भाऊसाहेब, तुम्ही? आत या ना!"

"खाली बसा, कदम. आज मी पब्लिक आहे."

"पण साहेब..."

"पब्लिकला साहेब म्हणता? कधीपासून?"

रांग खो खो हसली. भाऊसाहेबांनी अर्ज पुढे सरकवला. अर्जदार पांडुरंग नवघरे, राहणार जासई, विषय फेरमोजणी. असा कुणी नवघरे पृथ्वीवर नव्हता. मी घाबरून धाडकन शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी बुशशर्टातल्या भाऊसाहेबांनी मला मेमो दिला, 'ओळखीच्या इसमाचे काम इतरांआधी केल्याबद्दल'. पुढच्या महिन्यात मी त्यांना दीड तास ताटकळत ठेवलं. पुन्हा मेमो, 'विलंबाबद्दल'.

"भाऊसाहेब, मी करू तरी काय?"

"रांगेत माझ्यामागे उभ्या आजोबांशी वागता तसं वागा. आणि आजोबांशी माझ्याशी वागता तसं."

यावर विचार करत मी दोन दिवस जेवलो नाही नीट.

'आत बसून कळत नाही' हे त्यांचं पालुपद. नवघरेंच्या अर्जाला ते स्वतःच कचेरीतर्फे उत्तर लिहायचे, पोस्टानं स्वतःच्याच वाशीच्या खोलीवर पाठवायचे, आणि ते मिळालं की चहाच्या सुट्टीत चिडून वाचायचे, "'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की...' अरे, काय कळविण्यात येते? मला तर काडीचं कळलं नाही!"

"मसुदा तुमचाच आहे, भाऊसाहेब."

"माहितीय. आत बसून कळत नाही, तेच तर बोंबलतोय!"

आम्ही हसायचो. पण त्यांच्यामुळे बाहेर बाक आला, पाण्याचा माठ आला. खिडकी तर चक्क एक वीत खाली आली, कारण म्हाताऱ्या बायकांची फक्त कपाळं मला दिसत होती आणि हे इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढे पुढे त्यांनी खोटे अर्ज देऊन माणसं पाठवायला सुरुवात केली. कधी शेडबाहेरचा चहावाला, कधी त्यांचा न्हावी. नाव दुसऱ्याचं, अक्षर मात्र भाऊसाहेबांचं. प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखं सुटं सुटं, ताठ. मी लांबूनच ओळखायचो. असले अर्ज मी खालच्या खणात टाकू लागलो. मेमो खाऊन खाऊन मीही निर्ढावलो होतो. त्या खणाला मी मनात नाव दिलं होतं, नाटक कंपनी.

अशात एक दिवस सारसोळ्याच्या हिराबाई आल्या. कोळीण, कपाळाला मोठं कुंकू, हातात अर्ज. अक्षर भाऊसाहेबांचं.

"दादा, मापवाले आले तवा मी बाजारान व्हते. त्याही माजा आंगन पडीक लिवलाय. पडीक कसा असंल? रोज बोंबील सुकतान तिथं!"

मी मनात म्हटलं, वा! या खेपेला नटीसुद्धा आणली.

"झालं समजा तुमचं काम, मावशी," मी म्हणालो आणि डोळा मिचकावला. बाई जरा बावरल्या. अर्ज शिक्क्याशिवाय खालच्या खणात गेला.

त्या आणखी दोनदा आल्या. "दादा, मापवाला कवा येनार?" दुसऱ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काय काम करते बाई, अशी मी मनातल्या मनात दाद दिली. हे लिहिताना आज हात थांबतो, पण तेव्हा मी खरोखर दाद दिली होती.

मग एक दिवस त्या खिडकी ओलांडून तडक आत भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेल्या. पडीक ठरलेल्या अंगणात नव्या रस्त्याची खडी पडली होती.

"भाऊसाब, तुमीच लिवला ना कागद? मंग?"

तेव्हा त्या दोघांच्या बोलण्यातून मला उलगडा झाला. भाऊसाहेब पब्लिक असताना रांगेत त्यांच्यामागे हिराबाई उभ्या होत्या. त्यांना लिहिता येत नाही म्हणून भाऊसाहेबांनी बाकावर बसून अर्ज लिहून दिला आणि सांगितलं, घरपट्टीची पावती जोडा, मग खिडकीवर स्वतःच द्या, माझी ओळख सांगू नका. वशिला नको! दोन दिवसांनी त्या पावती जोडून माझ्याकडे आल्या होत्या.

भाऊसाहेबांनी आवक रजिस्टर चाळलं. नोंद नव्हती.

"ह्याच दादाचे हातान दिला," हिराबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"कदम, आला होता अर्ज?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. माझा गुडघा त्या खणाला टेकला होता.

"मावशी चौकशीला आल्या होत्या," मी म्हणालो. "कागद नव्हता."

सगळी कचेरी हिराबाईंकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "उशिरा येतात आणि वर आमच्यावर ढकलतात." हिराबाईंनी पदर खोचला आणि निघून गेल्या.

भाऊसाहेबांनी रजिस्टर पुन्हा एकदा पानापानानं तपासलं. मग म्हणाले, "बाई खोटं बोलत नाहीत. माझा माणूसही खोटं बोलणार नाही. म्हणजे चूक माझी. अर्ज लिहून दिला, पण पोच घ्या म्हणून सांगितलं नाही."

आणि त्यांनी स्वतःला मेमो दिला. स्वतःच खुलासा लिहिला. त्याखाली स्वतःच शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक नाही', आणि प्रकरण वर पाठवलं. रस्ता हलेना, पण वरच्यांना आयता दोषी मिळाला. भाऊसाहेबांची बढती थांबली, बदली तळोज्याला झाली. अर्जाचे तुकडे मी स्वतःच्या हातानं केले. सहा महिन्यांनी मी कायम झालो.

दहाएक वर्षांनी, एका रविवारी, नेरूळला सोसायटीतला एक फ्लॅट बघायला गेलो होतो. परतताना सारसोळ्यातून येत होतो, तर वरून आवाज आला, "हाड्! हाड् हाड्!" एका गच्चीवर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले, आणि नाकाला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेले वाघचौरे भाऊसाहेब. गळ्यात तुळशीची माळ. कचेरीत कुणी माशाचा डबा उघडला तर हा माणूस बाहेर जाऊन बसायचा.

मी वर गेलो.

"या कदम! सांभाळून, पायाखाली जवळा वाळत घातलाय."

"तुम्ही इथं कसे?"

"दर रविवारी येतो. रिटायर झालोय आता. अंगण गेलं, गच्ची शेजाऱ्यांची, आणि कावळ्यांना काय, मेमो देता येत नाही. हिराबाई बाजारात जातात तेवढा वेळ बसतो." रुमाल जरा सैल करून ते हळूच म्हणाले, "तसंही घरी कोण आहे? ही गेल्यापासून रविवार संपता संपत नाही. इथं निदान कुणीतरी वाट बघतं. कावळे का होईना."

तेवढ्यात हिराबाई वर आल्या. टोपली उतरवली, मला पाहिलं, खाली जाऊन काळा चहा घेऊन आल्या. दोन कप. एक माझ्यापुढे धरला.

"हे आपले कदम," भाऊसाहेब कौतुकानं म्हणाले. "माझ्या हाताखाली होते. सरळ माणूस."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हां," त्या म्हणाल्या. "वलखते मी."

मी चहा प्यालो आणि खाली उतरलो.

याला आता तीन वर्षं झाली. भाऊसाहेब छापलेला कागद सोडत नाहीत, तेव्हा हेही वाचतील. हिराबाईंना वाचता येत नाही. त्या गच्चीवर जाऊन, भाऊसाहेबांच्या देखत, "मावशी, कागद तुम्ही दिला होता आणि मी घेतला होता," एवढं तोंडानं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.