बॅग, बंबकाका आणि मी देवाला दिलेला शब्द

छापील कागदावर माझा फार विश्वास. तोंडी सांगितलेलं मी एका कानाने ऐकते आणि दुसऱ्याने सोडून देते, पण तेच छापून आलं की मला धडकी भरते.

तर एका मंगळवारी दाराच्या फटीतून एक पत्रक आत सरकलं. वर ठळक अक्षरांत, 'पूर, आग, भूकंप: अचानक घर सोडावं लागलं तर?' आणि खाली बॅगेत काय काय भरून ठेवावं त्याची यादी. गॅसवर दूध ठेवून मी ते वाचायला घेतलं, आणि यादी संपेपर्यंत अर्धं दूध ओट्यावर आलं. (घरावरचं पहिलं संकट ते. पण त्यासाठी घर सोडावं लागलं नाही.)

माळ्यावरची मोठी प्रवासाची बॅग काढायची, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं.

बॅग काढली, पुसली आणि भरायला बसले. संकटात माणसाच्या हाताशी चांगलीच वस्तू हवी, असं माझं मत. त्यामुळे घरातल्या दोन टॉर्चपैकी चांगला बॅगेत गेला आणि हलवल्यावर लागणारा बाहेर राहिला. चांगली कात्री बॅगेत. औषधं, मेणबत्त्या, साबण, घोंगडी, वीस हात दोरी, बिस्किटांचा डबा, माणशी एक अशा चार शिट्ट्या. यांचा जादा चष्मा. सासूबाईंच्या कानाच्या मशीनच्या बॅटऱ्यांचं अख्खं पाकीट. आणि सगळ्यांची मूळ कागदपत्रं आधी प्लॅस्टिकमध्ये, मग फडक्यात, मग पत्र्याच्या डब्यात, आणि डबा बॅगेच्या तळाशी. सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात खाली, हा माझा हिशेब. वरून बॅगेला सुतळीचे आडवेउभे वेढे घातले आणि अकरा गाठी मारल्या. प्रत्येक गाठीला देवाचं नाव घेतलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी पडले नेमाधर्माची बाई. यांचा खोकला जावा म्हणून मी वर्षभर साखर सोडली होती. खोकला गेला. (वजन कुठेही गेलं नाही.) मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मी नामस्मरण करते, त्यामुळे भाजी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सुकते. सासूबाई म्हणतात, "हिने देवाला बिनपगारी नोकरीला ठेवलाय." तर या सवयीने मी बॅग दाराशी ठेवली, हात जोडले आणि देवाला शब्द दिला: "घरावर संकट आल्याशिवाय मी ही बॅग उघडणार नाही. तू संकट पाठवू नकोस, मी बॅगेला हात लावणार नाही."

मला तर तो व्यवहार अगदी चोख वाटला.

महिनाभरात सासूबाईंच्या मशीनची बॅटरी संपली. नवी आणते म्हटलं, तर त्यांनी ठणकावून सांगितलं की घरात पाकीट असताना विकत आणायची नाही. तेव्हापासून त्यांना ऐकू येईनासं झालं. निदान मी बोललेलं. दुसऱ्या महिन्यात हे स्वतःच्या चष्म्यावर बसले. हे जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतात. नवा चष्मा तयार व्हायला आठ दिवस होते, म्हणून ते आपल्या आईचा चष्मा लावून कचेरीत गेले आणि एका गृहस्थाची विहीर त्यांनी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात काढली. साहेबांनी चष्मा मिळेपर्यंत रजेवर राहायला सांगितलं. चष्मेवाल्याचे आठ दिवस काही संपेनात, आणि हे घरात बसून बॅगेकडे बघत राहिले, म्हणजे बॅग आहे त्या दिशेला.

मी मात्र समाधानी होते. तीन महिने झाले होते. पूर नाही, आग नाही, भूकंप नाही. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला जात होता.

आणि एका सकाळी साडेदहाला फोन वाजला.

आमची मुलगी, घरात तिला भिंगरी म्हणतात, गेली दोन वर्षं नर्सिंगच्या प्रवेशासाठी धडपडत होती. एकदा तीन गुणांनी हुकलं. या वर्षी प्रतीक्षायादीत पहिलं नाव होतं, आणि पहिलं नाव म्हणजे उंबरठ्यावर उभं राहून पाऊस बघण्यासारखं. फोन कॉलेजचा होता. एका मुलीने जागा सोडली होती. मूळ प्रमाणपत्रं घेऊन दुपारी एकच्या आत या, नाहीतर जागा पुढच्या नंबरला जाईल.

भिंगरीने मला मिठी मारली, यांना मारली, आजीला मारली, आणि मग आम्ही सगळे एकदम बॅगेकडे बघायला लागलो.

"कात्री कुठाय?" यांनी विचारलं.

"बॅगेत," मी म्हणाले. "पण तो प्रश्न नाही."

प्रश्न काय होता ते मी समजावून सांगितलं. यांनी कपाळाला हात लावला. मग कचेरीतल्या माणसासारखं विचारायला लागले, की संकट या शब्दाची व्याख्या मी देवासमोर नेमकी काय केली होती. मी म्हटलं, व्याख्या नाही केली, पण 'घरावर' असं म्हटलं होतं. मग न्हाणीघरात बादली उपडी करून एक लहानसा पूर आणता येईल, अशी त्यांनी तयारी दाखवली. मी म्हटलं, देवाला फसवायचं नाही. सासूबाईंना आमचे हातवारे बघून सगळं कळलं असावं. त्या म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं या घरात आहे. अजून कसलं संकट हवंय हिला?"

हसावं की रडावं कळेना. लोकांना माझी गंमत वाटते, पण मला खरंच भीती वाटत होती. आज मी शब्द मोडला आणि उद्या हे घर हललं, तर? या इमारतीत चाळीस माणसं राहतात. माझ्या एका गाठीपायी त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी देवाला आणि त्यांना कोणतं तोंड दाखवू?

भिंगरी माझ्यासमोर खाली बसली. एरवी ती पाच मिनिटं एका जागी टिकत नाही. "आई," ती हळूच म्हणाली, "तू माझ्यासाठी इतके उपास केलेस. आता जागा आलीय. ती गेली तर ते आपल्या घरावरचंच संकट नाही का गं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आईचा चष्मा नाकावर आणि पत्रक चष्म्याला टेकवून हे ओरडले. यादीच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'सहा महिन्यांतून एकदा संपूर्ण कुटुंबाने बॅगेसह घर सोडण्याचा सराव करावा व मोकळ्या जागी बॅग उघडून आतील वस्तू तपासाव्यात. सरावाच्या वेळी गॅस व वीज बंद करावी. न बोलता, शांतपणे जिना उतरावा.'

छापील होतं. मी देवापुढे पत्रक धरलं. दिव्याची ज्योत जराही हलली नाही. (खिडकी बंद होती, पण ते मी मनात येऊ दिलं नाही.) होकार मिळाला असं समजून मी पदर खोचला. मात्र अट घातली की सराव करायचा तर पत्रकाबरहुकूम, अक्षर न अक्षर. घड्याळात साडेअकरा झाले होते.

गॅस मी बंद केला. वीज बंद करायचं काम यांच्याकडे. आमचे सगळ्यांचे मीटर जिन्यात एका मोठ्या पेटीत आहेत. यांनी आईच्या चष्म्यातून नीट निरखून बघितलं आणि जो खटका सगळ्यात मोठा दिसला तो खाली ओढला. अख्ख्या इमारतीची वीज गेली.

मला ते कळलंही नाही. मी बॅग उराशी धरून, तोंड मिटून, नजर पायरीवर ठेवून उतरत होते. मागे भिंगरी, तिच्यामागे हे कठड्याला चाचपत, आणि सगळ्यात शेवटी आपली उशी घेऊन सासूबाई. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि तिथेच त्यांचा दवाखाना. वीज का गेली ते बघायला ते हातातल्या पकडीसह दारात आले होते. त्यांनी मला बघितलं, बॅगेला बघितलं. माझ्या बॅगेची ख्याती इमारतीत होतीच. त्यांनी विचारलं, काय झालं? न बोलता उतरायचं होतं. मी गंभीरपणे फक्त खाली बोट दाखवलं.

पहिल्या मजल्यावर बंबकाका. अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, ताठ, मोठ्या मिशांचे. त्यांनीही तेच विचारलं. मी पुन्हा खाली बोट दाखवलं. माझ्या ओल्या डोळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आत गेले. बाहेर आले ते डोक्यावर पितळी शिरस्त्राण घालून आणि हातात घंटा घेऊन.

त्या घंटेने काय केलं ते मी खाली मोकळ्या जागेत पोचून मागे वळून बघितलं तेव्हा कळलं. सगळी इमारत उतरत होती. कोणाच्या हातात कुकर, कोणाच्या हातात इस्त्री, एकाच्या कडेवर टीव्ही. दातांच्या डॉक्टरांबरोबर त्यांचा रुग्ण, गळ्यात रुमाल बांधलेला, तोंडात कापूस आणि अर्धा गाल बधिर. तो टॅक्सीचालक होता हे मागाहून कळलं.

उतरून झालं होतं, तेव्हा मी तोंड उघडलं. "काही झालेलं नाही हो," मी म्हणाले. "आमचा आपला घरगुती सराव होता."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. कुकरवाल्या बाईंनी कुकर खाली ठेवला, तो जरा आपटूनच. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली. पण बंबकाका पुढे आले आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "वहिनी," ते म्हणाले, "अकरा वर्षं मी फळ्यावर सरावाची सूचना लावतोय. अकरा वर्षं मी एकटाच खाली येऊन उभा राहतो आणि माझी मलाच हजेरी देतो."

कुकरवाल्या बाईंनी कुकर उचलला आणि त्या पहिल्या येऊन उभ्या राहिल्या. बंबकाकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मोजणी सुरू केली. बारा वाजून गेले होते. मी बॅगेला हात लावणार तोच त्यांनी थांबवलं. मोजणी पुरी झाल्याशिवाय सामान उघडायचं नाही, नियम आहे. नियम म्हटल्यावर माझा हात आपोआप मागे आला. भिंगरी माझ्याकडे अशी बघत होती की मला ती नजर अजून आठवते.

एक माणूस कमी भरत होतं. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. जो तो आपलं कुटुंब तपासायला लागला. मीही तपासलं, हे आहेत, भिंगरी आहे, बॅग आहे. आणि मग जिन्याच्या दारातून उशी आली आणि उशीमागून सासूबाई आल्या. लोकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी चारी दिशांना मान लववली आणि यांना विचारलं, "कोणाचा सत्कार आहे रे?"

मग बॅग. अकरा गाठी आणि कात्री आत. दातांचे डॉक्टर पकड घेऊन गुडघ्यावर बसले. रुग्णाला दुखणार नाही अशा हलक्या हाताने त्यांनी एकेक गाठ उपटली. झाकण उघडलं. वरच यांचा चष्मा आणि बॅटऱ्यांचं पाकीट होतं, ते मी काढलं. डब्यासाठी हात घातला तर घोंगडी दोरीत अडकलेली, दोरी मेणबत्त्यांत, आणि डबा पार तळाला. बारा वीस.

"वाटेत काढू," यांनी चष्मा लावत सांगितलं आणि अख्खी बॅगच खांद्यावर घेतली. आतल्या वस्तू तपासायच्या राहिल्यात, असं मी म्हणेपर्यंत अर्धा गाल बधिर असलेल्या त्या भल्या माणसाने टॅक्सीचं दार उघडून धरलं होतं.

हे आणि भिंगरी निघून गेले आणि मी तिथेच उभी राहून हात जोडले. वर जायचं मला सुचलंच नाही. कुकरवाल्या बाईही माझ्याजवळ थांबल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी पाचला हे एकटेच परत आले. एकला सात मिनिटं कमी असताना पोचले होते. प्रवेश मिळाला होता. पण वर्ग आठवड्यापूर्वीच सुरू झालेले, आणि वसतिगृहातली एकच खाट रिकामी होती. ती आजच घ्यायची, नाहीतर तीही पुढच्या नंबरला. भिंगरीने तिथल्या तिथे ठरवलं की ती आजच राहते. सामान होतंच बरोबर.

म्हणजे माझी बॅग कामाला आली. मी तीन महिने तिला दारात सांभाळलं ते वाया गेलं नाही. भिंगरीची रिकामी खुर्ची मी पदराने पुसली आणि मनात म्हटलं, देवा, तुझी योजना तुलाच ठाऊक.

तेवढ्यात तिचा फोन आला. सासूबाईही मशीन लावून जवळ येऊन बसल्या. भिंगरीचा आवाज आनंदाने नुसता उड्या मारत होता. खोली छान आहे, मुली चांगल्या आहेत, बिस्किटं संपली. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या की एवढी तयारी करून आलेली मुलगी त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली.

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते, आणि या खेपेला त्यांना मी दिसत होते.

"काही कमी तर नाही ना गं?" मी विचारलं. आपलं विचारायचं म्हणून.

"नाही गं. चार शिट्ट्या आहेत, वीस हात दोरी आहे, सगळ्यांचे रक्तगट लिहिलेला कागदसुद्धा आहे." मग ती जरा थांबली. "फक्त आई, बॅगेत कपडे नाहीत. माझे नाहीत, कोणाचेच नाहीत. एक रुमालसुद्धा नाही."

इस्त्री झाले की सगळ्यात शेवटी वर ठेवू, असं म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. आणि मग सुतळी हाताला लागली.

सासूबाईंना त्या दिवशी अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी उशी जवळ ओढली आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाई, पूर आला नाही."

तीन महिने देवाने आमच्यावर एकही संकट का पाठवलं नाही, ते मला तेव्हा कळलं. माझ्या नेमाधर्मामुळे नव्हे. त्याने बॅगेत बघितलं होतं.