बैलाची दुपारची सुट्टी

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा सदऱ्याच्या खिशात भिंतीवर टांगायचा थर्मामीटर घेऊन हिंडतात. बैलांसाठी. अण्णा कोर्टात बेलिफ होते. निवृत्त झाले, पण नोटीस बजावायची खोड काही सुटली नाही. पारा सदतिसाच्या वर असेल तर भर दुपारी जनावराला कामाला जुंपायचं नाही, असा कायदा आहे म्हणे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा त्याच्या खाली असतोच कधी?

नव्या पेठेत त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाला खाली उतरवलं. नवरदेव घामाघूम, करवल्या रडकुंडीला आणि घोडा मांडवात निवांत.

"मुहूर्त दुसरा काडा की," अण्णा म्हणाले, "घोडं मेलं तर कुटनं आनायचं?"

अक्कलकोट रोडला एका शेठजींचा टॉवेलचा कारखाना आहे. परदेशी गिऱ्हाइकांवर छाप पाडायला त्यांनी टेम्पो बंद करून बैलगाडी आणली, वर फलक लावला: 'शाश्वत विकास'. पाहुणे आले, बैलाला हार घातला, शेठजी नारळ फोडणार तेवढ्यात अण्णांनी थर्मामीटर काढला.

"बैल सोडा."

"अहो अण्णा, डिझेल वाचतंय!"

"डिझेल वाचतंय आन् बैल मरतोय. ह्यो कसला इकास?"

"मग माल कसा न्यायचा?"

"तुमी वडा की! कायदा जनावरांना हाय, शेठजींना न्हाय."

पाहुण्यांसमोर करतात काय? शेठजींनी कोटासकट फाटकापर्यंत गाडी ओढली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि असं रोज करता का म्हणून विचारलं.

दुसऱ्याच दिवशी शेठजींनी बॅटरीवरची रिक्षा घेतली आणि बैल बाजारात धाडायला सांगितलं. म्हाताऱ्या बैलाचं बाजारात काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक. सुट्टी मिळवून देता देता अण्णांनी त्याची नोकरीच घालवली होती, आणि यावर कुठलं कलम सापडेना. अण्णांचं जेवण सुटलं. शेवटी कारखान्यात जाऊन त्यांनी शेठजींपुढे चक्क हात जोडले आणि बैलाला दोरीला धरून घरी आणलं.

अण्णांच्या पत्नी गंगाकाकू गेल्यापासून त्या घरातून आवाज येत नसे. नवरा-बायको आपसात कानडीच बोलायचे. परवा भिंतीपलीकडून पुन्हा कानडी ऐकू आलं, म्हणून मी डोकावलो. अण्णा अंगणात ताट घेऊन बैलासमोर बसले होते.

"ऊटा आतेन?" ते त्याला विचारत होते. जेवलास का?

मला पाहून ते ओशाळले. "आमची ही रोज इचारायची मला," म्हणाले. "आता इचारायला तरी कुनी पायजे की."