सिंधू सिस्टरांचे कागद

आमच्या कॉलनीतल्या सिंधू सिस्टर कोथिंबीर आणायला निघाल्या, तरी त्यांच्या डाव्या काखेत त्यांचं दहावीचं गुणपत्रक असायचं. नुसतं दहावीचं नाही. नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलची नोंदणी, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं मूळ, एका खाकी पिशवीत. लग्नात जेवायला बसल्या तरी पिशवी मांडीवर. एकदा मी आगाऊपणे म्हटलं, "सिस्टर, कोथिंबिरीला दाखला लागत नाही."

"तुमाला काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "कागद आपल्याजवळ असावा." आणि एकाच हातानं जुडी निवडायला लागल्या.

चिकलठाण्याच्या पुढं शेतं मोडून प्लॉट पडत होते, त्यातलीच आमची कॉलनी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. सलग दुसऱ्या वर्षाचा दुष्काळ. बोअर आटलेले, नळाला आठवड्यानं पाणी, बाकी सगळा टँकरचा कारभार. माणसाला प्यायला पाणी नव्हतं, पण जालना रोडला एकामागून एक हॉस्पिटलं उभी राहत होती, काचेची. आणि त्या प्रत्येकाला नुकत्याच पास झालेल्या नर्स हव्या असायच्या, कारण त्या स्वस्त पडतात.

इथं सिस्टरांचा खरा उद्योग सुरू व्हायचा. सगळी उमर खासगी दवाखान्यांत काढून रिटायर झालेली ही एकटी बाई गुडघेदुखीचं निमित्त करून प्रत्येक हॉस्पिटलची ओपीडी गाठायची. गुडघा एक, केसपेपर चौदा. बाकावर दोन-दोन तास बसून बघायचं काय, तर नर्सांचे पाय. पाय सुजलेले दिसले, की एकीवर दोघींचं काम आहे हे ठरलं. मग एखादीला गाठून विचारायचं, "होस्टेलला बादल्या किती, बाई?" घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता. पगार, कपात, रात्रपाळीला एका नर्सकडं किती पेशंट, आंघोळीला किती बादल्या, आणि शेवटचा रकाना लाल पेनानं: कागद ठेवून घेतात का.

पास झालेल्या पोरी तो तक्ता बघायला यायच्या. एखादी म्हणायची, "मावशी, तिथं दोन हजार जास्त देतात."

"बादल्या किती?"

"एक."

"दोन हजारात टँकर येतो व्हय गं? फुडचं बोल."

मी एका कंपनीत स्टोअरकीपर. नटबोल्टसुद्धा मोजून, सही घेऊन देणारा माणूस. 'गुडघ्यावरून पगार सांगणारी बाई' म्हणून मी बायकोला हसवायचो. दात काढणं सोपं असतं, आपल्या घरावर येईपर्यंत.

आमच्या लेकीचा, रेवतीचा, नर्सिंगचा डिप्लोमा झाला, नोंदणी झाली, आणि तिच्यापेक्षा मलाच नोकरीची घाई झाली. सरकारी भरतीच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव होतं. पण प्रतीक्षायादीवर कुणाची चूल पेटते? जालना रोडच्या सगळ्यांत मोठ्या हॉस्पिटलनं तिला बोलावलं. सिस्टरांच्या तक्त्यात पगाराला ते पहिलं होतं आणि शेवटच्या रकान्यात त्याला लाल फुली होती.

"कागद ठिवून घेत्यात," सिस्टर म्हणाल्या. "सोडायचं तर आधी एक म्हैना नोटीस. मधीच सरकारी बोलावणं आलं तर काय करशील?"

"एवढं मोठं हॉस्पिटल, सिस्टर. कागद काय खाणार आहेत का?" मीच मध्ये तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी रेवतीच्या मूळ कागदांची फाईल मी माझ्या हातानं तिथल्या भरती अधिकाऱ्याला दिली. रेवती हळूच म्हणाली, "पप्पा, पोच?" मी डोळे वटारले. मोठ्या लोकांकडं पोच मागणं वाईट दिसतं, असं मला वाटलं. रोज शंभर पोचपावत्या फाडणाऱ्या मला.

विसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, बोलावणं आलं. प्रतीक्षायादी पुढं सरकली होती. सोमवारी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह पडताळणी. जो हजर नाही त्याचा हक्क गेला. रेवती तशीच हॉस्पिटलात पळाली आणि तासाभरात रडत परत आली. एक महिन्याची नोटीस भरा, मग फाईल. ऑफिस एक वाजता बंद, रविवारी सुट्टी. घड्याळात साडेअकरा झाले होते.

सिस्टरांच्या दारात जायचं तोंड मला नव्हतं. बायको गेली. मला वाटलं, आता सगळी कॉलनी ऐकेल असा उद्धार होणार. पण सिस्टर दोन मिनिटांत बाहेर आल्या, काखेत पिशवी, पायात पांढरे बूट. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

रिक्षात त्या समोर बघत होत्या. मुकुंदवाडीपाशी टँकर आडवा आला आणि रिक्षा थांबली. खाली हंडे घेऊन बायकांची झुंबड. मी घड्याळ बघत होतो आणि टँकरवाल्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

"माजं बी असंच झालं," सिस्टर एकदम म्हणाल्या. "फर्दापूरहून आले तवा. कागद नर्सिंग होमच्या कपाटात. सरकारी मुलाखत मंगळवारी, अन् डॉक्टर चावी खिशात घालून पुतणीच्या लग्नाला. बुधवारी आले. बुधवारीच दिले कागद, काय कुरकुर न करता. एका दिसाचा फरक." रिक्षा हलली तशा म्हणाल्या, "वयाची अट त्या साली संपली. मंग जन्मभर जिथं जाईल तिथं नवीनच लागले. पगार बी नव्याचाच."

मी मान खाली घातली. चौदा केसपेपरांवर मी किती वेळा हसलो होतो ते आठवून माझी मलाच लाज वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती. भरती अधिकारी टायवाला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. नियम नियम म्हणून त्यानं हात जोडले.

"मूळ कागद ठिवून घेता येत नाय, हे तुमाला म्हाईत हाय," सिस्टर म्हणाल्या.

"मग करा तक्रार, आजी."

"करते की. पर तक्रारीचा निकाल सोमवारी दहाच्या आत लागत नाय."

त्यानं घड्याळाकडं बघितलं. रेवती भिंतीला टेकून उभी होती. दरवाजातून वॉर्डातली गडबड दिसत होती. उन्हाळ्याचे पेशंट, जुलाबाचे, उन्हानं चक्कर आलेले, आणि दोनच पोरी पळतायत. सिस्टर त्यांच्या पायांकडं बघत होत्या.

"दोघी कमी हायेत तुमच्याकडं," त्या म्हणाल्या.

"त्याचा इथं काय संबंध?"

"हिचा नोटिशीचा म्हैना मी भरते. नव्या पोरीचा जो पगार असंल त्योच द्या. तिची फाईल काढा, माजी ठिवा."

आणि सिंधू सिस्टरांनी काखेतली पिशवी टेबलावर ठेवली.

मला वाटलं, त्या आता ती परत उचलतील. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा जी खाली ठेवली नाही, ती तिथं काचेच्या टेबलावर पडली होती. अधिकाऱ्यानं वय विचारलं. "कागदावर हाय, वाचा," त्या म्हणाल्या. त्यानं वाचलं, मेट्रनला फोन लावला. मेट्रन आल्या, नोंदणीचा कागद बघितला, मग सिस्टरांचे बूट बघितले. "उद्या सातला येणार?" एवढंच विचारलं. एकला पाच कमी असताना कपाट उघडलं. रेवतीची फाईल बाहेर आली, त्याच जागी खाकी पिशवी आत गेली. चावी फिरली तेव्हा सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

मग उघडून म्हणाल्या, "पोच द्या. एकेका कागदाची."

सोमवारी रेवतीची पडताळणी झाली. नेमणूक मिळाली. पेढे घेऊन गेलो तर सिस्टरांच्या दाराला कुलूप. त्या ड्युटीवर होत्या. वयाच्या बासष्टाव्या वर्षी पुन्हा एकदा नवीन.

मंगळवारपासून मी त्यांना स्कूटरवरून सोडायला लागलो. नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. उजवा हात माझ्या खांद्यावर, डावा मात्र अंगाला घट्ट दाबलेला, काखेत काही नसताना. खड्डा आला तेव्हा म्हटलं, "सिस्टर, दोन्ही हातांनी धरा."

"हो," म्हणाल्या. पण हात तसाच राहिला.

हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरल्या. साडी सारखी केली आणि विचारलं, "रेवतीचे कागद कुठं हायेत?"

"तिच्याजवळच."

"झोपताना?"

"उशाखाली घेते, सिस्टर. कुणाला हात लावू देत नाही. मलासुद्धा."

"मंग झालं," सिस्टर म्हणाल्या, आणि उशीर झाल्यासारख्या भराभरा आत गेल्या.